विश्वस्त, चिटणीस, खजिनदार

रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात गावाचा सार्वजनिक कारभार बहुतेक वेळा दोन जागांवरून चालतो. गावात स्थानिक मंडळ असते आणि मुंबईत त्याच गावाचे मुंबई मंडळ असते. पूर्वी ते परळ-लालबागच्या चाळींत भरे, आता दिवा, डोंबिवली, विरार असे पांगले आहे. दोन्हीकडे अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. दोन्हीकडे वर्गणीची वही. ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार असो, शाळेची वर्गखोली असो की स्मशानाची शेड, एका मंडळाने ठरवले आणि दुसऱ्याने मान डोलावली नाही तर काम अडते. पैसा दुसऱ्यांचा, काम सगळ्यांचे, नफा कोणाचाच नाही आणि करणारे बिनपगारी, अशा मंडळाला नीट चालायला काय लागते हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षे जुना आहे. त्याच्या उत्तराचा बराच भाग जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या आसपास आणि इथून मुंबई-पुण्याला गेलेल्या माणसांच्या हातून घडला. (१९२० च्या परिषदेमुळे प्रसिद्ध झालेले माणगाव कोल्हापूरकडचे, इथे प्रश्न काळ नदीकाठच्या माणगावाचा आहे.)

मुंबई मंडळाचा उगम गिरणगावातल्या खोलीत आहे. कोकणातून गिरणीत आलेले पुरुष बायकापोरांना गावी ठेवून एका खोलीत दाटीवाटीने राहत आणि पाळीप्रमाणे झोपत. खोलीचे भाडे, आजारी माणसाला गावी पोचवण्याचा खर्च, मयताचा खर्च हे सारे वर्गणीतून भागे. वर्गणी आली की वही आली, वही आली की ती लिहिणारा लिहितावाचता माणूस आला, आणि त्याच्यावर नजर ठेवणारे बाकीचे आलेच. मंडळाच्या मालकीची मोठी भांडी, सतरंज्या, भजनाचे साहित्य यांची यादी ठेवली जाई, आणि लग्नकार्यासाठी भांडी नेणाऱ्याकडून ती मोजून परत घेतली जात. वर्षातून एकदा, शिमग्याला किंवा मे महिन्यात चाकरमानी गावी आले की देवळात बैठक बसे आणि जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवला जाई. ऐकणाऱ्यांत अनेक निरक्षर असत, पण आपण दिलेला रुपया यादीत आला की नाही हे प्रत्येकाला कळे. लेखापरीक्षण या शब्दाची ओळख होण्याआधीची ही पद्धत होती आणि तिची धार आजच्या छापील ताळेबंदापेक्षा कमी नव्हती.

तिच्या उणिवाही तितक्याच उघड होत्या. मंडळ वाडीचे असे, वाडी जातीची असे. कुणबीवाडीचे मंडळ वेगळे, बौद्धवाडीचे वेगळे. कातकऱ्यांच्या वाडीला तर पुष्कळ ठिकाणी मंडळच नव्हते. बायका वर्गणी जमवत, प्रसाद रांधत, पण बैठकीच्या बाहेर बसत. त्याआधीच्या गावकीत मान वंशपरंपरेने चाले आणि देवस्थानचे उत्पन्न कोणाकडे किती गेले हे विचारण्याची सोय नसे. मुंबईच्या वहीने ती सोय काही प्रमाणात केली. गावच्या मंडळांवर पुढे जातीच्या मध्यवर्ती संस्था उभ्या राहिल्या. १९२० साली मुंबईत स्थापन झालेला कुणबी समाजोन्नती संघ ही त्यांतली कोकणाला सर्वांत परिचित असलेली संस्था.

लेखी घटनेवर चालणाऱ्या संस्थांचा मराठी इतिहास मात्र पुण्यात सुरू होतो, आणि तोही एका देवस्थानाच्या भांडणातून. पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांबद्दल लोकांत नाराजी होती. तिला वाचा फोडण्यासाठी जे लोक एकत्र आले त्यांच्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा जन्मली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, तिचे प्राण होते. सभेचा एक नियम आजही थक्क करणारा आहे: सभासद व्हायचे तर किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पहिल्या ९५ सभासदांच्या मागे मिळून सुमारे ६,००० माणसे उभी होती. ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हा सरकारचा ठरलेला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर सभेने घटनेतच लिहून ठेवले. मंडळावरच्या माणसाच्या पाठीशी कोणी तरी असावे आणि त्याने त्यांना जाब द्यावा, हे तत्त्व इतक्या ठोसपणे नंतरच्या फार थोड्या संस्थांनी पाळले.

संस्थेची कायदेशीर चौकट याच सुमारास मिळाली. १८६० चा सोसायट्यांच्या नोंदणीचा कायदा इंग्लंडमधल्या १८५४ च्या साहित्य-विज्ञान संस्थांच्या कायद्याच्या वळणावर बेतलेला होता. सात किंवा अधिक माणसांनी उद्देशपत्रावर सह्या करायच्या, कारभार पाहणाऱ्यांची नावे दरवर्षी निबंधकाकडे द्यायची, इतकीच त्याची अपेक्षा. मंडळाच्या आत कोणी कोणाला आवरायचे याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. ती जागा भांडणांनी भरून काढली.

पहिले मोठे भांडण डेक्कन एज्युकेशन सोसायटीत झाले. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले आणि सोसायटी २४ ऑक्टोबर १८८४ रोजी. इथे शिकवणारेच कारभारी होते. आजीव सभासदाने दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे काम करायचे आणि संस्था चालवायची. देणगीदारांचे व प्रतिष्ठितांचे वेगळे मंडळ वरून लक्ष ठेवायचे. अमेरिकेतल्या प्रथेत पगारी माणूस मंडळाबाहेर आणि पैसा देणारा किंवा मिळवून देणारा मंडळात असतो. पुण्याने ही मांडणी जवळजवळ उलटी केली. राबणाऱ्यालाच मत असल्यामुळे सोसायटीत जिव्हाळा अपार होता. पण राबणाऱ्यांनी एकमेकांना किती बांधून घ्यावे याचा निवाडा करायला तिऱ्हाईत उरला नाही. आजीव सभासदाने बाहेरची कमाई आणि बाहेरची कामे करावीत का, यावर टिळक एका बाजूला आणि आगरकर-गोखले दुसऱ्या बाजूला, असा वाद वर्षानुवर्षे धुमसला. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा तो टोकाला गेला आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. त्यांचा लांबलचक राजीनामा म्हणजे मंडळाच्या कारभारावरचा मराठी सार्वजनिक जीवनातला पहिला सविस्तर टीकालेख म्हणता येईल.

पाच वर्षांनी बाजू पालटली. जुलै १८९५ मध्ये सार्वजनिक सभेच्या व्यवस्थापक मंडळाच्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाने बहुमत मिळवले. रानडे आणि त्यांचे सहकारी वर्षभराने बाहेर पडले, त्यांनी नोव्हेंबर १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. त्याच दुष्काळी हिवाळ्यात सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावत फिरत होते. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेला मान्यता देणेच थांबवले. निवडणूक नियमाप्रमाणे झाली होती, बहुमतही खरे होते. तरी संस्था दुबळी झाली, कारण हरलेल्या बाजूला आत राहून काम करता येईल अशी कोणतीही तजवीज घटनेत नव्हती. या प्रश्नाचे उत्तर सापडायला आणखी चार दशके लागली, आणि ते सापडले तेव्हा त्या घडामोडीच्या मध्यभागी माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचा माणूस होता.

त्याआधीच्या दोन प्रकरणांनी आणखी दोन धडे दिले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा पैसा बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या मंडळाकडून येत होता. पुण्यात रानडे, भांडारकर अशा मंडळींची सल्लागार समिती होती. विद्यार्थिनींच्या धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये ही समिती राजीनामा देऊन मोकळी झाली. समितीकडे नाव होते, अधिकार नव्हता. बॉस्टनकडे अधिकार होता, पण ते समुद्रापार होते. दोघांच्या मधल्या पोकळीत सगळा भार एकट्या रमाबाईंवर पडला. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थांत ही रचना आजही जशीच्या तशी आढळते.

दुसरे प्रकरण माणगावकरांच्या शेजारचे. माणगावहून निजामपूरमार्गे रायगडाच्या पायथ्याला जाता येते. गडावरची शिवाजी महाराजांची समाधी दुर्लक्षित पडली होती. १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून हाक दिली, पुण्यात मंडळ स्थापन झाले, गावोगावच्या लोकांनी आण्या-रुपयांनी निधी भरला आणि १८९६ मध्ये गडावर उत्सवही झाला. निधी डेक्कन बँकेत होता. १९१३ मध्ये ती बँक बुडाली आणि लोकांनी जमवलेली रक्कम तिच्याबरोबर गेली. समाधीचे काम अखेर १९२६ मध्ये पुरे झाले, ते नव्याने जमवलेल्या पैशाला सरकारी मदत जोडून. यात कोणाची लबाडी नव्हती. लोकांचा पैसा एका बँकेत ठेवणे त्या काळी कोणत्याही नियमाविरुद्ध नव्हते, कारण तसा नियमच नव्हता. सार्वजनिक निधी कुठे ठेवावा यावर कायद्याने पुढे जे बंधन घातले त्याची गरज या एका उदाहरणातून पुरती पटते.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी माणगाव तालुक्यातल्या गोरेगावात झाला. शिक्षण पुण्यात, मग आठेक वर्षे शिक्षकी, आणि १९०९ मध्ये भारत सेवक समाजात प्रवेश. हा समाज गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी स्थापला होता आणि त्याच्या घटनेवर डेक्कन एज्युकेशन सोसायटीतल्या कटू अनुभवाची छाया स्पष्ट आहे. सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत. स्वतःसाठी जास्तीची कमाई करणार नाही ही एक, आणि कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही ही दुसरी. भांडणबंदीची शपथ घटनेत घालणारी संस्था जगात विरळाच असेल! प्रवेशानंतर पाच वर्षे उमेदवारी, मग पूर्ण सदस्यत्व. सर्वाधिकार ‘पहिल्या सदस्या’कडे, म्हणजे खुद्द गोखल्यांकडे, आणि सोबतीला छोटे कार्यमंडळ.

एका थोर माणसाभोवती घटना बांधली की तो गेल्यावर काय होते, हे समाजाला फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखल्यांच्या निधनानंतर लगेच दिसले. गांधींना सदस्य करून घ्यावे की नाही यावर सदस्यांत दोन तट पडले. गांधींनीच अर्ज मागे घेतला आणि फूट टळली. श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले. मतदानाने जिंकण्यापेक्षा संस्थेत दुफळी न माजवणे गांधींना महत्त्वाचे वाटले. १८९५ मध्ये पुण्यात असे कोणालाच सुचले नव्हते.

जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर, हायकोर्टाचे न्यायमूर्ती. काम चिटणीस जोशींचे. नाव आणि वजन एकाकडे, रोजची धावपळ दुसऱ्याकडे, ही वाटणी मुंबईतल्या संस्थांत रूढ होती आणि बहुतेक ठिकाणी तिचा शेवट अध्यक्ष फक्त समारंभापुरता उरण्यात होई. लीगमध्ये ती टिकली, कारण चिटणीस कामाचा माणूस होता आणि कामे मोजता येण्यासारखी होती. रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या, कज्जेदलालांच्या तावडीत सापडलेल्या मजुरांना कायद्याची मदत: यांतल्या प्रत्येक कामात किती विद्यार्थी, किती पुस्तके, किती रोगी हे सांगावे लागे. देणगीदारांच्या पैशातून परळला दामोदर ठाकरसी सभागृह उभे राहिले. गिरणगावच्या नाट्यवेड्यांना ते दामोदर नाट्यगृह म्हणून जास्त ठाऊक आहे.

जोशींचे वेगळेपण असे की ते एकाच वेळी परस्परविरोधी मंडळांवर बसले आणि कुठेही आपली बाजू लपवली नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेची पहिली बैठक भरली, तिथे ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. पुढे त्या संघटनेच्या नियामक मंडळावरही त्यांनी काम केले. सरकार, मालक आणि कामगार या तिघांना एकाच टेबलाशी बसवणारे ते मंडळ. १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस निघाली, १९२५ पासून तिचे सरचिटणीसपद जोशींकडे आले. १९२८ च्या मुंबईतल्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात ते साम्यवादी पुढाऱ्यांबरोबर संयुक्त संप समितीत होते. मग १९२९ मध्ये सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरचे ते सदस्य झाले. त्याच वर्षी ट्रेड युनियन काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात या कमिशनवर बहिष्काराचा ठराव बहुमताने आला. सरचिटणीस स्वतः कमिशनवर आणि संस्था बहिष्काराच्या बाजूने, असा पेच झाला. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. सार्वजनिक सभेचीच गोष्ट पुन्हा घडली: बहुमत नियमाने जिंकले आणि संस्था दुभंगली.

फरक पुढे पडला. १९३८ मध्ये नागपूरलाच दोन्ही बाजू पुन्हा जवळ आल्या आणि १९४० पर्यंत विलीनीकरण पुरे झाले. तडजोडीत एक कलम होते: राजकीय प्रश्न, संप आणि परदेशी संघटनांशी संलग्नता यांवरचा निर्णय तीन-चतुर्थांश बहुमतानेच होईल. रोजचे काम साध्या बहुमताने आणि संस्था फोडू शकणारे प्रश्न मोठ्या बहुमताने. १८९५ मध्ये रानडे-टिळकांना जी गोष्ट हाती लागली नाही ती ही. एक-चतुर्थांशाहून मोठ्या अल्पमताला डावलून पुढे जाता येत नाही, म्हणून बहुमतवाले आधी बोलणी करतात. जोशी पुन्हा सरचिटणीस झाले आणि १९४८ पर्यंत राहिले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. लोअर परळचा डिलाइल रोड आज त्यांच्या नावाचा आहे. त्यांच्या तालुक्यातून मुंबईला गेलेल्या कितीतरी मंडळांच्या बैठका त्याच रस्त्याच्या आजूबाजूच्या चाळींत भरत आल्या.

लीगच्या दामोदर सभागृहाला आणखी एका मंडळाच्या इतिहासात जागा आहे. ९ मार्च १९२४ रोजी तिथे डॉ. आंबेडकरांनी बोलावलेली बैठक झाली आणि २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालयही तिथेच होते. सभेची रचना विचारपूर्वक केलेली होती. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे, बाळ गंगाधर खेर अशी वरच्या थरातली नावे. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष मात्र आंबेडकर, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, आणि खजिनाही अस्पृश्य समाजातल्याच माणसाच्या हाती. चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली १९०६ मध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यांसाठी काढलेल्या मिशनपासून ही रचना वेगळी पडते. प्रतिष्ठा उसनी घेता येते, चिटणीसपद आणि खजिना उसना देऊ नये, असा तिचा अर्थ. १९२७ मध्ये महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह याच सभेच्या छायेखाली झाला. तो घडवून आणणाऱ्यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, तसे लीगचे कार्यकर्ते अनंतराव चित्रेही होते.

याच मुद्द्यावर १९३२ मध्ये गांधी-आंबेडकर मतभेद उघड झाला. पुणे करारानंतर निघालेल्या संस्थेच्या, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाच्या, मंडळात ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांचा आवाज किती, हा प्रश्न होता. संघाचे चिटणीस ठक्करबाप्पा हेही भारत सेवक समाजाचेच सदस्य. गांधींचे म्हणणे असे की ही सवर्णांनी प्रायश्चित्त म्हणून चालवायची संस्था आहे. ऋणकऱ्याने ऋण फेडायचे आहे, म्हणून कारभार त्याचा, अस्पृश्यांनी सल्लागार मंडळ करून त्याच्या कामावर देखरेख ठेवावी. आंबेडकरांना हे पटले नाही आणि ते दूर झाले. गांधींची भूमिका नैतिक दृष्ट्या सुसंगत होती, हे मान्य करावे लागते. पण शारदा सदनाच्या सल्लागार समितीचा अनुभव पाहिला तर अधिकाराविना सल्ला किती टिकतो याबद्दल आंबेडकरांचा अंदाज अधिक बरोबर ठरतो.

स्वातंत्र्यानंतर या साऱ्या अनुभवाला कायद्याचे रूप आले. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ मध्ये समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम झाला. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे. इंग्लंडमध्ये १८५३ पासून असलेल्या चॅरिटी कमिशनर या पदाच्या धर्तीवर धर्मादाय आयुक्त आला. देऊळ, शाळा, दवाखाना, क्रीडामंडळ सगळे एका छत्राखाली आले. १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्थाही विश्वस्तव्यवस्था मानली गेली, म्हणून महाराष्ट्रातल्या संस्थेच्या पत्रावर दोन नोंदणी क्रमांक असतात. माणगावच्या एखाद्या मंडळाच्या लेटरहेडवर ‘महा.’ आणि ‘रायगड’ यांच्या मधला एक क्रमांक आणि ‘एफ’ अक्षराचा दुसरा, असे छापलेले दिसते ते त्यामुळे.

कायद्यातली कलमे वाचताना मागची भांडणे आठवत जातात. कलम ३५ सांगते की निधी मान्य बँकांत किंवा सरकारी रोख्यांतच ठेवावा. रायगडच्या निधीसारखे प्रकार टाळण्यासाठीच असे बंधन लागते. कलम ३६ प्रमाणे संस्थेची जमीन विकायला, बक्षीस द्यायला, इतकेच काय शेतजमीन दहा वर्षांहून आणि इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. मुंबई-गोवा महामार्ग आणि कोकण रेल्वे ज्या तालुक्यातून जातात तिथे देवस्थानच्या जमिनीला किती भाव येतो हे लक्षात घेतले की हे कलम किती गावांच्या कामाचे आहे ते समजते. कलम ३२ आणि ३३ हिशेब व लेखापरीक्षणाची सक्ती करतात. कलम ४१ड खाली कसूर करणारा विश्वस्त निलंबित किंवा बडतर्फ होऊ शकतो, आणि कलम ५०अ खाली संस्थेला नवी योजना, म्हणजे नवी घटना, घालून देता येते.

व्यवहारात सर्वांत जास्त त्रास मात्र कलम २२ देते. मंडळ बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो मंजूर झाला की नावे परिशिष्ट एकवर चढतात. गावच्या मंडळात निवड शिमग्याला होते, नवा चिटणीस मुंबईला परततो, इतिवृत्ताची वही जुन्या चिटणिसाच्या ट्रंकेत राहते. असे दोन-तीनदा झाले की परिशिष्टावरचे निम्मे विश्वस्त वारलेले असतात आणि जे खरोखर काम करतात ते कायद्याच्या नजरेत कोणीच नसतात. मग जागेवरून वाद उपटला की दोन गट दोन वेगवेगळ्या बैठकांची इतिवृत्ते घेऊन आयुक्तांसमोर उभे राहतात आणि तारखा पडत राहतात. ज्या प्रकरणांत खोटे कोणीच बोलत नसते त्यांचा निकाल लावणे तर सर्वांत अवघड, कारण बैठकीची नोटीस सर्वांना मिळाली होती का आणि गणसंख्या भरली होती का याचा पुरावाच कोणाकडे नसतो.

मंडळ चांगले चालते ते मोठ्या नावांमुळे, हा समज इतिहासात फारसा टिकत नाही. सार्वजनिक सभेत नावे मोठीच होती. टिकलेल्या मंडळांत चार गोष्टी वारंवार आढळतात, आणि त्यांतली एकही दिखाऊ नाही. पैसा ज्याच्या हाती त्याच्या हाती इतिवृत्त नसते. चेकवर दोन सह्या लागतात आणि दोन्ही एकाच घरातल्या नसतात. विरोधी मत नावानिशी लिहिले जाते, गाळले जात नाही. आणि पदाला मुदत असते. ती संपल्यावर जुना माणूस बाजूला होतो पण उंबऱ्याबाहेर जात नाही. शेवटची गोष्ट कोकणात सर्वांत कठीण ठरते. एकाच घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अध्यक्षपद राहिलेली मंडळे कमी नाहीत, आणि शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांत राजकीय पुढारी व त्यांचे आप्त बसू लागल्यापासून तर हा प्रकार गावापुरता राहिलेला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने घालून दिलेला पाचवा नियमही जोडायला हवा: ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यापैकी कोणी तरी खजिन्यापाशी असावे. आदिवासी वाड्यांत काम करणाऱ्या संस्थांच्या विश्वस्तांत कातकरी माणूस अजून अपवादानेच सापडतो.

माणगाव तालुक्यात आज मंडळांचे नाना प्रकार शेजारी शेजारी नांदतात. गोरेगावजवळ वडघरला साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक आहे. सेवादलाच्या परंपरेतल्या लोकांनी वर्गणी-देणगीतून उभारलेले ते आंतरभारतीचे केंद्र राज्यभरच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरांसाठी वापरले जाते. विळे-भागाडच्या औद्योगिक क्षेत्रात मोठे कारखाने आले, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ मुळे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागू लागले. २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. त्याआधी ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड किनारा आणि माणगावसह आतले तालुके झोडपले तेव्हा कौले, पत्रे, ताडपत्र्या आणि धान्य गोळा करून पोचवण्यात मुंबई मंडळांचाही हात होता, आणि तेही टाळेबंदीत, जेव्हा बैठक घेणेच अशक्य होते. ज्यांच्या वह्या आणि बँकखाती नीट होती त्यांना बाहेरच्या देणग्या घेता आल्या. ज्यांची खाती बंद पडलेली किंवा मयत विश्वस्तांच्या सहीवर अडकलेली होती त्यांनी आपापसात जमवले तेवढेच वाटले.

विश्वस्तांची नोंदवही सार्वजनिक आहे. रायगड जिल्ह्यातल्या कोणत्याही नोंदणीकृत मंडळाच्या परिशिष्ट एकची नक्कल अलिबागच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करून आणि ठरलेली फी भरून मिळते. आपल्या गावच्या मंडळाच्या कागदावर आज कोणाची नावे आहेत, हे वाचकाने एकदा जाऊन पाहावे.